जीपवर्गीय मोटारगाड्यांचे बाह्य दिवे व वळणदर्शक

पक्क्या रस्त्यावर तसेच रस्त्याबाहेरही चालावी म्हणून बनविलेली जीप, तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर व या दोहोंच्या परंपरेतून पुढे आलेल्या आणि आज एसयूव्ही या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारगाड्या यांच्या बाह्य दिव्यांचा, त्यातही वळणदर्शकांचा, विकास व त्यांत उद्‌भवणारे दोष यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. बाह्य दिव्यांची कामे दोन. चालकाला रस्ता दिसला पाहिजे आणि इतरांना वाहन व त्याच्या चालकाचा हेतू दिसला पाहिजे. पहिल्या कामात बिघाड झाल्यास तो चालकाला तत्काळ जाणवतो. दुसऱ्यातील बिघाड मात्र त्याला बहुधा कळतच नाही, कारण स्वतःच्या वाहनाचे मागील दिवे त्याला दिसत नसतात. त्याचा परिणाम मागून येणाऱ्या माणसाला भोगावा लागतो. जीपवर्गीय गाडीच्या बाबतीत या अडचणीत आणखी एका गोष्टीची भर पडते. तिचा मूळ आराखडा तयार झाला तेव्हा तिच्यावर वळणदर्शक नव्हतेच. ते पुढे टप्प्याटप्प्याने जोडले गेले आणि जुन्या गाड्यांतील पुष्कळसे दोष या जोडकामाच्या सांध्यांतच सापडतात.

प्रारंभीचा इतिहास : पहिल्या मोटारगाड्यांवर घोडागाडीचेच तेलाचे दिवे असत. त्यांच्या जागी कॅल्शियम कार्बाइड व पाणी यांच्या विक्रियेतून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर चालणारे दिवे आले. त्यांचा प्रकाश पांढरा व प्रखर असे आणि वाऱ्यापावसात ते सहसा विझत नसत. १८९८ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे बनलेल्या कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीला विजेचे दिवे मिळू शकत. परंतु विजेचे दिवे सर्वत्र रूढ होण्यास गाडीवर संचायक घटमाला व ती भारित करणारे जनित्र असणे आवश्यक होते. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली प्रारंभन, प्रज्वलन व प्रकाश यांची एकत्रित विद्युत् योजना १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आली आणि हा प्रश्न सुटला. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून एकाच दिव्यात दोन तंतू बसविण्याची युक्ती १९२५ मध्ये जर्मनीतील ओसराम कंपनीच्या ‘बायलक्स’ दिव्याने प्रचारात आणली. अमेरिकेत १९४० पासून परावर्तक, भिंग व तंतू एकत्र बंद केलेला सात इंच व्यासाचा ‘सील्ड बीम’ दिवा प्रमाणभूत ठरला. तंतू जळाल्यावर संपूर्ण दिवा बदलावा लागतो हा त्याचा तोटा. पण परावर्तकाला धूळ, ओल व गंज यांचा स्पर्श होत नाही, हा चिखलातून जाणाऱ्या गाडीच्या दृष्टीने मोठाच लाभ होता.

जीप व लँड रोव्हर : दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी (१९४१–४५) ही जीप सहा व्होल्ट विद्युत् दाबावर चालणारी होती. तिचे पुढचे मोठे दिवे बिजागरीवर बसविलेले असून आत फिरवून त्यांचा उजेड एंजिनावर पाडता येत असे. रात्री उघड्यावर दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाचा विचार त्यात होता. मागून येणाऱ्याचा विचार मात्र जवळजवळ नव्हता. सर्वसाधारण वापराचा मागील लाल दिवा फक्त डाव्या बाजूस होता. उजव्या बाजूस अंधारबंदीच्या काळात वापरावयाचा मंद दिवा असे. दिव्यांच्या स्विचला मुद्दाम खिटी ठेवलेली असे व ती दाबल्याशिवाय मोठे दिवे लागत नसत. दिसू नये हाच त्या गाडीचा धर्म होता. युद्धानंतर तीच गाडी शेतकऱ्यांच्या, अभियंत्यांच्या व वनाधिकाऱ्यांच्या हाती आली, तेव्हा दिसणे हा धर्म तिला नव्याने शिकावा लागला.

१९४८ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या लँड रोव्हर गाडीचीही कथा फारशी वेगळी नाही. प्रारंभी तिचे पुढचे दिवे चक्क तारेच्या जाळीमागे होते. फांद्यांपासून ते सुरक्षित राहत, पण जाळीला चिखल चिकटला की प्रकाश कोंडला जाई. पुढे ते जाळीतून बाहेर काढण्यात आले. आणि काही यूरोपीय देशांच्या नियमांमुळे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या पंखांवर गेले. दिवे जितके एकमेकांपासून दूर, तितका गाडीच्या रुंदीचा अंदाज अंधारात अधिक अचूक येतो, हे त्यामागील कारण होय.

भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपांची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप तर अमेरिकेतील उत्पादन थांबल्यावरही येथे दीर्घकाळ बनत राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही जीपचे वायरिंग जाणणारा कारागीर सापडे आणि आजही सापडतो.

वळणदर्शकांचा उदय : वळण्याचा हेतू प्रथम हाताने दाखविला जाई. बंद केबिनच्या गाड्या वाढल्या तसे हात बाहेर काढणे गैरसोयीचे झाले. यूरोपात १९२० नंतरच्या दशकात दारालगतच्या खांबातून बाहेर येणारी, आत लहानसा दिवा असलेली बाहू-पट्टी प्रचारात आली. विद्युत् चुंबक ही पट्टी उचलून आडवी करी. धुळीने ती अडकून बसे आणि चालक खांबावर मूठ आपटून तिला बाहेर काढीत. तरीही फोक्सवॅगन व मॉरिस यांच्या काही गाड्यांवर ती १९६० च्या सुमारापर्यंत टिकून होती. उघड्या जीपला असा खांबच नसल्याने ही पद्धत तिच्या उपयोगाची नव्हती. उघडझाप करणारे वळणदर्शक कारखान्यातूनच बसविलेले असे १९३९ च्या ब्यूइक गाडीवर आले. पुढे सुकाणू चक्र सरळ होताच संकेत आपोआप बंद करणारी यंत्रणाही त्यांना जोडण्यात आली.

रंगाबाबत एकवाक्यता होण्यास बराच काळ लागला. अमेरिकेत पुढील वळणदर्शक १९६३ च्या प्रतिमानांपर्यंत पांढरे असत, नंतर ते पिवळसर नारिंगी झाले. मागील बाजूस लाल रंग आजही तेथे चालतो. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९६५ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना पुढे पांढरा व मागे लाल वळणदर्शक ठेवण्याची मुभा आहे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ता वाहतूक करारात नारिंगी रंग स्वीकारला गेला. मागे नारिंगी की लाल हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वळणाऱ्या किंवा मार्गिका बदलणाऱ्या वाहनावर मागून आदळण्याचे अपघात नारिंगी दिव्यांमुळे सु. ५·३ टक्क्यांनी कमी होतात. एवढे माहीत असूनही लाल रंग टिकून राहिला, याचे कारण काटकसर असावे असे दिसते. लाल रंग ठेवला म्हणजे गतिरोधक दिवा व वळणदर्शक यांसाठी एकच तंतू पुरतो.

सामाईक तंतूची योजना : ही काटकसर समजून घेतल्याशिवाय अमेरिकी पद्धतीच्या जुन्या गाडीतील दोष उलगडत नाहीत. युद्धोत्तर जीपला वळणदर्शक लावताना सुकाणू दांड्यावर पट्ट्याने आवळून बसवावयाचा सात तारांचा स्विच वापरीत. त्यांतील एक तार उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरकडून येई, एक गतिरोधकाच्या स्विचकडून येई, चार तारा चार कोपऱ्यांवरील दिव्यांकडे जात आणि सातवी पूरक कामासाठी असे. गतिरोधक दाबला म्हणजे विद्युत् प्रवाह आधी या वळणस्विचमध्ये शिरतो व तेथून डाव्या-उजव्या दिव्यांत विभागला जातो. डावीकडे वळण्याचा संकेत दिला की डावा दिवा गतिरोधकापासून तुटून फ्लॅशरला जोडला जातो. उजवा आपले काम करीत राहतो. योजना चतुर आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे गतिरोधक दिव्यासारखे जीवनमरणाचे साधन वर्षानुवर्षे हलणाऱ्या, झिजणाऱ्या पितळी स्पर्शकांवर अवलंबून राहिले. स्पर्शक झिजले म्हणजे एका बाजूचा गतिरोधक दिवा लागत नाही, पण त्याच बाजूचा वळणदर्शक उत्तम चालतो. कारागीर बल्ब बदलतो, गतिरोधकाचा स्विच बदलतो आणि दोष तसाच राहतो. वळणदर्शकासाठी तोच तंतू पेटत असेल, तर बल्ब, त्याची बैठक व तेथवरची तार निर्दोष आहेत हे उघड होय. दोष वळणस्विचमध्येच शोधला पाहिजे.

अमेरिकेत मोटारगाड्यांना मागील काचेजवळ मध्यभागी उंचावर तिसरा गतिरोधक दिवा १९८६ च्या प्रतिमानांपासून सक्तीचा झाला. एसयूव्ही गाड्या कायद्याच्या दृष्टीने हलक्या मालमोटारींच्या गटात मोडत असल्याने त्यांना ही सक्ती १९९४ च्या प्रतिमानांपासून लागू झाली. कुटुंबे ज्यांतून प्रवास करीत होती अशा गाड्या केवळ वर्गीकरणामुळे आठ वर्षे मागे राहिल्या, हे चमत्कारिकच म्हणावे लागेल. या दिव्याने मागून होणाऱ्या टकरी दीर्घकालीन सरासरीने सु. ४·३ टक्क्यांनी घटल्याचे १९९८ च्या अहवालात नमूद आहे. दोष शोधण्यासही त्याचा उपयोग होतो. सामाईक तंतूच्या योजनेत त्याला प्रवाह वळणस्विचच्या आधीच मिळत असल्यामुळे तो लागतो व खालचा एखादा लागत नाही, असे दिसल्यास गतिरोधकाचा स्विच निर्दोष ठरतो.

भूयोजनातील दोष : मोटारगाडीतील दिव्याला बहुधा एकच तार जाते. घटमालेकडे परतण्याचा मार्ग म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा. यालाच भूयोजन म्हणतात व कारागीर त्याला नुसते ‘अर्थ’ म्हणतात. तांब्याची निम्मी तार वाचविणारी ही योजना गाडी नवी असेपर्यंत उत्तम चालते. जीपच्या बाबतीत मात्र दिवा साच्याला, साचा पत्र्याच्या शरीराला, शरीर बोल्टांनी सांगाड्याला आणि सांगाडा घटमालेला, अशी ही परतीची वाट अनेक सांध्यांतून जाते. शरीर व सांगाडा यांच्यामध्ये धक्के शोषणाऱ्या गाद्या असतात, एंजिन रबरावर बसविलेले असते आणि प्रत्येक सांध्यावर रंगाचा थर असतो. लँड रोव्हरमध्ये तर शरीर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे व सांगाडा पोलादाचा. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की विद्युत् रासायनिक संक्षारण होते व सांध्यात विद्युत् रोधक पांढरी भुकटी साचते. कोकणातील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हे काम झपाट्याने होते. घाटमाथ्यावरील तांबडी धूळ ओलावा धरून ठेवते, तिचाही हातभार लागतो.

भूयोजन तुटले म्हणजे दिवा विझतोच असे नाही. पुष्कळदा तो भलत्याच रीतीने पेटतो आणि त्यामुळे अनुभवी माणूसही चकतो. मागील दिव्यांच्या समूहाला परतीची वाट उरली नाही, तर वळणदर्शकाच्या तंतूतून आलेला प्रवाह शेजारच्या मंद दिव्याच्या तंतूतून उलट जाऊन, सामाईक तारेने दुसऱ्या कोपऱ्यातील दिव्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे सांगाड्यात उतरतो. अशा वेळी वळणदर्शक लावला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो, गतिरोधक दाबला की पुढचे बारीक दिवे मिणमिणतात. एकाच वेळी दोन दिवे विचित्र वागू लागले तर बल्बांपूर्वी भूयोजन तपासावे, हा नियम क्वचितच चुकतो.

परीक्षण सोपे आहे. दिवा चालू ठेवून व्होल्टमापकाचे एक टोक घटमालेच्या भूयोजित अग्राला व दुसरे दिव्याच्या साच्याला लावावे. वाचन ०·१ ते ०·२ व्होल्टपेक्षा अधिक आल्यास परतीच्या वाटेत रोध आहे असे समजावे. मापक नसेल तर त्याच दोन ठिकाणी एक सुटी तार जोडून पाहावी. दिवा एकदम उजळला तर निदान झाले. सांधा खरवडून धातू उघडा करणे व नंतर त्यावर ग्रीज लावणे हा तात्पुरता उपाय होय. प्रत्येक दिव्यापासून घटमालेपर्यंत स्वतंत्र परतीची तार टाकणे हाच जुन्या गाडीत टिकाऊ उपाय ठरतो.

विद्युत् दाबाची घट : तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युत् दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सु. तीस टक्क्यांनी घटतो. सहा व्होल्टच्या जीपमध्ये ४५ वॉटचे दोन दिवे मिळून १५ अँपिअर प्रवाह घेतात. मार्गात केवळ ०·१ ओहम रोध असल्यास १·५ व्होल्ट, म्हणजे चतुर्थांश दाब, वाटेतच खर्ची पडतो व प्रकाश ढोबळ हिशेबाने चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच रोधाने अवघी सव्वासहा टक्के घट होते. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीचे दिवे ‘पिवळे’ का, याचे उत्तर बहुधा या हिशेबात असते. जुन्या रचनेत हा सर्व प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून आणि डाव्या पायाने दाबावयाच्या, तळपत्र्यावर बसविलेल्या डिपर-स्विचमधून जातो. तळपत्र्यावर चिखलपाणी येणारच, मग स्पर्शक गंजतात.

यूरोपात १९७१ मध्ये आलेला दोन तंतूंचा एच४ हॅलोजन दिवा सात इंचाच्या जुन्या गोल बैठकीत बसतो, त्यामुळे जीपधारकांत तो लोकप्रिय झाला. त्याची ६०/५५ वॉट शक्ती जुन्या वायरिंगला जेमतेम पेलते. बाजारात मिळणारे १००/९० वॉटचे बल्ब लावले तर डिपर अवस्थेतही १५ अँपिअर प्रवाह वाहतो, स्विच तापतो व जोडणीचे प्लॅस्टिक वितळते. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. योग्य उपाय म्हणजे रिले बसवून जुन्या स्विचकडे केवळ आज्ञा देण्याचे काम ठेवणे व दिव्यांना घटमालेपासून जाड तारेने, वितळतारेमार्फत, थेट प्रवाह देणे. १९८३ पासून अमेरिकेत परवानगी मिळालेल्या प्लॅस्टिकच्या भिंगांचा प्रश्न निराळा आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांनी ती पिवळट व धुरकट होतात; तेथे वायरिंग निर्दोष असूनही रस्ता दिसत नाही.

भारतीय नियम व प्रघात : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वळण्याचा व थांबण्याचा संकेत हाताने देण्याऐवजी यांत्रिक वा विद्युत् साधनाने देता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वळणदर्शक नारिंगी रंगाचे असावे लागतात व त्यांची उघडझाप मिनिटास ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त नसावी लागते. उघड्या जीपच्या चालकाला उजवा हात बाहेर काढणे सोपे होते. पण पावसाळ्यात ताडपत्रीचे पडदे बांधले की तो मार्ग बंद होई. म्हणजे संकेताची गरज सर्वांत अधिक असे, नेमका तेव्हाच तो दुर्लभ होई. आपल्या महामार्गांवर आणखी एक घातक प्रघात आहे. पुढील मालमोटारीचा चालक ‘पुढे जा’ असे सांगण्यासाठी उजवा वळणदर्शक लावतो. त्याच दिव्याचा कायदेशीर अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असा आहे. मागच्याने कोणता अर्थ घ्यावा हे रस्त्याच्या आकारावरून ठरवावे लागते आणि घाटात ते ठरविण्यास वेळ नसतो.

फ्लॅशर : जुन्या साध्या फ्लॅशरमध्ये प्रवाहाने तापणारी धातूची पट्टी असते. ती तापून प्रसरण पावली की स्पर्श तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. तिचा टकटक आवाज हीच चालकाला मिळणारी पावती. २१ वॉटचे दोन बल्ब मिळून ३·५ अँपिअर प्रवाह घेतात. एक जळाला की प्रवाह निम्मा व पट्टीतील उष्णता चतुर्थांश होते. पट्टी पुरेशी तापत नाही आणि उरलेला दिवा न लुकलुकता नुसता जळत राहतो. अशा रीतीने यंत्राच्या दुबळेपणातूनच दोषाची सूचना मिळू लागली. ही सूचना इतकी मोलाची ठरली की पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये प्रवाह मोजून, तो घटल्यास उघडझापेचा वेग दुप्पट करण्याची योजना मुद्दाम करण्यात आली. याउलट मागे जोडगाडी ओढणाऱ्या गाड्यांसाठी बनविलेल्या भारी फ्लॅशरचा वेग दिव्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो. तो बसविल्यास उघडझाप कधी चुकत नाही, पण जळालेला बल्बही कधी कळत नाही. वळणदर्शक ‘सुधारण्यासाठी’ तो सर्रास बसविला जातो, ही खेदाची बाब होय.

प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे बल्ब जुन्या बैठकीत बसवू लागल्यापासून या कोड्यात नवी भर पडली आहे. ते अत्यल्प प्रवाह घेतात, म्हणून फ्लॅशरला बल्ब जळाल्याचा भास होतो. त्यावर सहा ओहमचा रोधक समांतर जोडतात, तो सु. २४ वॉट उष्णता बाहेर टाकतो व प्लॅस्टिकजवळ ठेवल्यास ते वितळवितो. खेरीज, डायोड जळाला तरी रोधक प्रवाह घेतच राहतो आणि दोषसूचना पुन्हा हरपते. डायोडांसाठीचा स्वतंत्र फ्लॅशर वापरणे हे त्यापेक्षा बरे. पुष्कळ जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा हिरवा दर्शक दिवा एकच असून तो डाव्या व उजव्या मंडलांच्या मध्ये जोडलेला असतो. डावा संकेत दिला की त्याचा प्रवाह उजव्या बाजूच्या थंड तंतूंतून सांगाड्यात उतरतो. हा प्रवाह इतका थोडा असतो की ते तंतू पेटत नाहीत. तंतूंच्या जागी डायोड आले की तेवढ्याच प्रवाहाने तेही उजळतात आणि एका बाजूचा संकेत देताना चारही कोपऱ्यांवरील दिवे लुकलुकू लागतात. मागून येणाऱ्याला तो वळण्याचा नव्हे, संकटाचा संकेत वाटतो. अशा गाडीत हिरव्या दिव्याला दोन्ही मंडलांपासून दोन एकदिश डायोडांमार्फत प्रवाह देऊन त्याचे दुसरे टोक स्वतंत्र तारेने सांगाड्याला जोडावे लागते.